बोरघाटाचे मानकरी

घाटवाटांचं वेड ज्याला लागलं, त्याचं लढायांवरून लक्ष उडतं. वडगावच्या लढाईबद्दल वाचतानाही मला एकच प्रश्न पडे: इंग्रजांनी तोफा बोरघाटातून वर चढवल्या कशा? उत्तर सोपं आहे. अतिशय हाल सोसून. नोव्हेंबर १७७८ मध्ये कॅप्टन जेम्स स्टुअर्टच्या तुकडीने घाटमाथा ताब्यात घेतला. मागून सुमारे चार हजारांची फौज आली आणि सामान वाहायला एकोणीस हजार बैल. वर आल्यावर कार्ल्यापर्यंतचे आठेक मैल कापायला या लवाजम्याला अकरा दिवस लागले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यात स्टुअर्ट मारला गेला. पुढे आठवडाभरात माघारीची वेळ आली, तेव्हा घाम गाळून वर आणलेल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून द्याव्या लागल्या. चाकांना न जुमानणाऱ्या घाटाने अर्धी लढाई मराठ्यांच्या वतीने लढून दिली, असं मला वाटतं.

हा धडा इंग्रज विसरले नाहीत. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफांसाठी घाट सुधारून घेतला, पण ती सोय लष्कराची. १८२५ मध्ये बिशप हेबर वर चढले तेव्हाही माणसं बसलेली पालखी चढावर नेता येत नव्हती. चालत किंवा घोड्यावरून जावं लागे. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी खरा गाडीरस्ता केला. १० नोव्हेंबर १८३० ला काम पुरतं संपलेलं नसतानाच ते मंडळींसह घोडागाड्यांतून घाट उतरले, आणि कोकण व दख्खन यांच्यामधली भिंत आपण पाडली, अशा थाटात त्यांनी ते लिहून ठेवलं.

त्या भिंतीला दारं आधीपासूनच होती. कार्ल्याची लेणी या वाटेच्या माथ्याजवळ उगाच खोदली गेली नाहीत. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच डोंगरातून वर जाई. पेशवाईत वंजाऱ्यांचे तांडे कोकणातलं मीठ वर नेत. घाटाच्या पायथ्याला, खोपोलीत, नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आहे. वाट वाहती असल्याशिवाय कुणी तिथे एवढा खर्च करत नाही.

पुढचा इतिहास भराभर उरकतो. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीला पोचली, १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्याला. मधल्या घाटात पाच वर्षं उतारूंना पालखी, तट्टू नाहीतर गाडी करावी लागे. १८६३ मध्ये रूळ जोडले गेले आणि रस्त्याचं महत्त्व ओसरलं. मोटारी आल्यावर ते परतलं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला.

मला मात्र जुन्या रस्त्यावरच्या शिंगरोबाच्या देवळाने अडवलं. घाट चढताना ट्रकवाले इथे हात जोडतात. कथा सर्वांना ठाऊक आहे: शिंगरोबा धनगराने साहेबाला वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली. कुणी ही कथा रस्त्याची सांगतात, कुणी रेल्वेची. रस्त्याची मानली तर ती जुळत नाही, कारण फौजा १७७८ पासूनच इथून ये-जा करत होत्या. रेल्वेची मानली तर तिला वजन येतं. रेल्वेचे मुख्य अभियंता बर्कली यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी १८५० च्या दशकात हे कडे मोजले, आणि त्या रानात गुराख्या-मेंढपाळांनी वाट दाखवल्याशिवाय पाऊल टाकणं अवघड होतं.

गंमत अशी, की याच मार्गावर वडगावला स्टुअर्टची, म्हणजे आपल्या ‘इष्टुर फाकड्या’ची, समाधीही लोकांनी पूजनीय मानली. शत्रू असला तरी शौर्याला मान. मात्र घाट उघडणाऱ्या माल्कमसाहेबांना कुणी नारळ फोडत नाही. त्यांचं श्रेय दप्तरात सुरक्षित आहे. वंजाऱ्याची आणि धनगराची नोंद त्या दप्तरात नाही, म्हणून लोकांनी ती देवळात केली. स्वातंत्र्य मागण्याचा प्रसंग मागाहून जोडला गेला असेल, पण वाट कुणाची होती हे कथेला बरोबर आठवतं. इतिहासकारांनी ती थोतांड म्हणून बाजूला सारण्यापूर्वी एवढं तरी मान्य करावं.