तीन दिवसांचा वर्ग, तीन वर्षांचा परवाना

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर बोरघाट चढताना पुढे एखादा टँकर संथ गतीने जात असतो. आपण ओव्हरटेक करण्याच्या घाईत असतो, त्यामुळे त्याच्या मागील बाजूस रंगविलेल्या चौकोनी पाटीकडे सहसा लक्ष जात नाही. पेट्रोलचा टँकर असेल तर त्या पाटीवर '१२०३' हा आकडा आणि '३ वाय ई' अशी चमत्कारिक अक्षरे असतात. १२०३ हा पेट्रोलचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीतील क्रमांक. '३' म्हणजे आग विझविण्यासाठी फेस वापरा. 'वाय' म्हणजे पदार्थ भडकू शकतो, श्वसनसंरक्षक साधने घालूनच जवळ जा आणि सांडलेला माल गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. 'ई' म्हणजे आसपासची माणसे हलविण्याचा विचार करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३४ प्रमाणे ही पाटी टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे असावी लागते.

अपघात झाला तर अग्निशमन दलाला पोहोचण्यास काही काळ लागतोच. तोवर या पाटीचा अर्थ सांगू शकेल असा माणूस घटनास्थळी बहुधा एकच असतो, तो म्हणजे चालक. त्याला तो अर्थ ठाऊक असावा यासाठी आपल्या कायद्याने काय तरतूद केली आहे, हे पाहण्यासारखे आहे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९ हा केवळ धोकादायक मालाची वाहतूक करणाऱ्या चालकांसाठी आहे. अवजड वाहनाचा परवाना अशा चालकाला पुरेसा नाही. त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. शिवाय तीन दिवसांचा विहित अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हवे. ते दाखविल्यावर परिवहन कार्यालय त्याच्या परवान्यावर तशी नोंद करते. ही नोंद नसलेल्या चालकाने गॅसचा किंवा आम्लाचा टँकर चालविणे बेकायदा आहे.

हा अभ्यासक्रम मुळातून वाचला तर तो करणाऱ्यांविषयी आदर वाटतो. त्याचे तीन भाग आहेत. पहिला बचावात्मक वाहनचालनाचा. ब्रेक लावल्यानंतर गाडी किती अंतरावर थांबते, रेल्वे फाटक कसे ओलांडावे, रात्री आणि खराब हवामानात काय पथ्ये पाळावीत, हे त्यात येते. दुसरा प्रगत कौशल्याचा. गाडी सुरू करण्यापूर्वी खालून, बाहेरून आणि आतून काय तपासायचे, उतारावर कोणता गिअर ठेवायचा, थांबल्यावर चाकांना अडसर कसा लावायचा, याची त्यात उजळणी आहे. या भागातील प्रत्यक्ष सराव एका वेळी एकाच चालकाने करायचा असतो. तिसरा भाग मालाच्या सुरक्षिततेचा. पाटीवरील सांकेतिक अक्षरे, तापमान व दाब यांचे महत्त्व, स्फोटाची मर्यादा, व्हॉल्व्हची माहिती, प्रथमोपचार, आणि गळती झाल्यास विहिरी, नद्या व तलाव यांचे रक्षण कसे करायचे, इथवर त्याची व्याप्ती आहे.

टँकर चालविणे हे मालट्रक चालविण्याहून निराळे काम आहे. पोती वा खोकी बांधून ठेवता येतात, द्रव बांधता येत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव वळणावर एका अंगाला धावतो. ब्रेक दाबला की तो पुढे आदळतो आणि गाडी थांबल्यानंतरही तिला ढकलत राहतो. टाकीचा गुरुत्वमध्य उंच असल्याने साध्या ट्रकला पेलणारे वळण टँकरला पेलेलच असे नाही. ही गोष्ट कितीही वर्षांच्या अनुभवाने आपोआप समजते असे मानणे धोक्याचे आहे, कारण ज्या वळणावर ती समजते तेथून परतीचा मार्ग नसतो.

२७ ऑगस्ट २०१२ रोजी केरळमध्ये कण्णूरजवळ चाला येथे एलपीजीचा टँकर उलटून झालेल्या स्फोटात २० जणांचा बळी गेला. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि चार जण दगावले. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावरही पडले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूर-अजमेर महामार्गावर वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली आणि गॅस पसरून आगीचा लोळ उठला. या प्रत्येक घटनेची कारणे वेगळी होती आणि सारा दोष चालकावर ढकलणे अन्यायाचे होईल. जयपूरमध्ये तर धडक देणारे वाहन दुसरेच होते. पण त्यामुळेच नियम ९ ची मर्यादा उघड होते. टँकरच्या चालकाला कायदा वर्गात बसवितो. त्याच्या मागून येणाऱ्या साध्या मालट्रकच्या चालकावर मात्र केंद्रीय कायद्याने ठराविक काळाने प्रशिक्षण घेण्याची सक्ती नाही. काही राज्यांनी आपल्यापुरती परवाना नूतनीकरणाच्या वेळी उजळणी वर्गाची अट घातली आहे, इतकेच.

टँकरचालकांच्या बाबतीतही काळाचे गणित बदलले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४ नुसार पूर्वी धोकादायक मालाचा परवाना एकच वर्ष चालत असे आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षे झाली आणि नूतनीकरणाच्या अटी ठरविण्याचे काम केंद्र सरकारवर सोपविण्यात आले. त्याच वर्षी व्यावसायिक वाहनचालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अटही रद्द झाली. धोकादायक मालासाठी लिहिता-वाचता येण्याची अट मात्र कायम आहे.

मुदत वाढविणे चूकच झाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. दरवर्षीचा एक दिवस ही पुष्कळदा शिक्का मिळविण्याची औपचारिकता होऊन बसते. ज्याची कमाई खेपेवर ठरते त्याच्या दृष्टीने वर्गातला दिवस म्हणजे बुडालेली खेप. प्रश्न आहे तो तीन वर्षांनी येणाऱ्या त्या दिवशी काय शिकविले जाते आणि ते कळले की नाही हे कोण तपासते, हा.

युरोपचा अनुभव याबाबत उद्बोधक आहे. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशानुसार साडेतीन टनांवरील मालवाहनांच्या व्यावसायिक चालकांना दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. २००९ पासून ते मालवाहतुकीला लागू झाले. येथे माल धोकादायक आहे की नाही याचा प्रश्न नाही. भाजीपाला नेणाराही वर्गात बसतो. परंतु या ३५ तासांअखेर परीक्षा नाही, हजेरी पुरते. ब्रिटनमध्ये तर एकच विषय पुन्हा पुन्हा घेऊन तास भरल्याच्या तक्रारी झाल्या. २०१८ मध्ये निर्देशात सुधारणा करून किमान एक विषय रस्तासुरक्षेशी संबंधित असला पाहिजे, असे ठरविण्यात आले. धोकादायक मालासाठी मात्र तेथे वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार चालकाचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते आणि नूतनीकरणासाठी उजळणीबरोबर परीक्षाही द्यावी लागते. आणीबाणीच्या सूचनाही चालकाला वाचता येईल अशाच भाषेत केबिनमध्ये ठेवाव्या लागतात.

आपल्याकडे ही सूचनापत्रिका 'ट्रेम कार्ड' म्हणून ओळखली जाते. ती केबिनमध्ये ठेवणे नियम १३३ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. मालाचे स्वरूप, धोका आणि आणीबाणीत करावयाची कृती चालकाला समजावून देण्यात आली आहे, याविषयी माल पाठविणाऱ्या कंपनीचे समाधान करण्याची जबाबदारी नियम १३५ ने वाहनमालकावर टाकली आहे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून असो की पाताळगंगेच्या रासायनिक वसाहतीतून, टँकर फाटकाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीचा माणूस चालकाचा परवाना पाहतो तसा त्याला पाटीवरील एका अक्षराचा अर्थही विचारू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

केबिनमध्ये चालकाशेजारी बहुधा क्लीनर असतो. चालक बेशुद्ध झाला तर व्हॉल्व्ह कोठे आहे, कार्ड कोठे ठेवले आहे आणि जमलेल्या लोकांना किती दूर न्यायचे, हे त्यालाच सांगावे लागेल. त्याच्या प्रशिक्षणाविषयी नियम ९ मध्ये एक ओळही नाही.