हेल्व्हेटी लोक आणि स्विस राष्ट्राचे पूर्वज

स्वित्झर्लंडच्या टपाल तिकिटांवर ‘हेल्व्हेशिया’ हे लॅटिन नाव छापलेले असते. हे नाव ज्या हेल्व्हेटी नावाच्या केल्टिक जमातीवरून आले, तीच आजच्या स्विस लोकांची पूर्वज होय, असा समज त्यामुळे सहज होतो. ऐतिहासिक पुरावा मात्र या समजास पुष्टी देत नाही.

या भूमीतील मानवी वस्ती हेल्व्हेटींहून कितीतरी प्राचीन आहे. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा ओबरमाइलेन येथे लाकडी खांबांच्या रांगा उघड्या पडल्या. फर्डिनांड केलर याने ही घरे पाण्यावर उभारलेल्या मचाणांवर होती, असा सिद्धान्त मांडला. पुढील उत्खननांवरून त्यांपैकी पुष्कळशी काठच्या दलदलीच्या जमिनीवर होती, असे दिसून आले. या वसाहती हेल्व्हेटींच्या उदयापूर्वीच लोप पावल्या होत्या.

हेल्व्हेटींची माहिती मुख्यतः ज्यूलियस सीझरच्या वृत्तान्तावरून मिळते. इ. स. पूर्व ५८ मध्ये १२ नगरे व सुमारे ४०० खेडी स्वतःच जाळून ते पश्चिमेकडे निघाले. सहप्रवासी जमाती धरून त्यांची संख्या ३,६८,००० होती व बिब्राक्ट येथील पराभवानंतर १,१०,००० परतले, असे सीझर सांगतो. विजेत्याने दिलेले हे आकडे सावधपणेच स्वीकारावयास हवेत. ही भूमी ओस राहिल्यास तेथे जर्मन टोळ्या शिरतील, या भीतीने सीझरनेच त्यांना परत पाठविले. पूर्वेकडील आल्प्समध्ये राहणारे रेटी लोक निराळे होते; त्यांना रोमनांनी इ. स. पूर्व १५ मध्ये जिंकले.

आजचा भाषिक नकाशा मात्र या दोन्ही लोकांच्या मूळ भाषांनी घडविलेला नाही. रोमन अमलाखाली लॅटिनचा प्रसार झाला. इ. स. ४४३ मध्ये रोमनांनी लेमान सरोवराच्या परिसरात वसविलेल्या बर्गंडियनांनी हीच लोकभाषा स्वीकारली. म्हणून पश्चिम भाग पुढे फ्रेंचभाषी झाला. उत्तरेस व मध्यभागी आलेल्या आलेमानींनी स्वतःची जर्मन बोली टिकविली. रेटींच्या प्रदेशातील लॅटिनपासून रोमान्श भाषा निपजली. तिला १९३८ मध्ये राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला.

मग हेल्व्हेटींचेच नाव का? मानवतावादी पंडितांनी पुनरुज्जीवित केलेले हे नाव १७९८ च्या हेल्व्हेटिक प्रजासत्ताकाने धारण केले. १८४८ च्या संघराज्यालाही ते सोयीचे ठरले, कारण लॅटिन नाव कोणत्याही एका भाषिक गटाचे नव्हते. याच काळात सरोवरकाठच्या प्रागैतिहासिक रहिवाशांनाही समान पूर्वजांचे स्थान देण्यात आले. तात्पर्य, हेल्व्हेटींपासून स्विस राष्ट्र जन्मले नाही. राष्ट्र घडताना त्यानेच हेल्व्हेटींना पूर्वज म्हणून निवडले. प्राचीन नामसादृश्यावरून वंशसातत्य सिद्ध करू पाहणाऱ्या अभ्यासकाने हा भेद विसरता कामा नये.