वाटपाच्या आदल्या रात्री

किल्लारीचा भूकंप म्हटलं की लोकांना ढिगारे आठवतात, लष्कराचे जवान आठवतात. नव्या गावात कुणाच्या शेजारी कुणी राहायचं, यावरून भूकंपानंतरच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये किती वाद झडले, ते फारसं कुणी विचारत नाही. आम्हा कॉलेजच्या पोरांचं खरं काम तिथंच होतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं दुसरीकडे वसवायचं ठरलं. नवी जागा म्हणजे कुणाचं तरी पिकतं रान. रान गेलेला शेतकरी आणि घर गेलेला गावकरी समोरासमोर आले की आवाज चढायचे. त्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर सगळा भाग तापलेला. २५ नोव्हेंबरला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं, १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शेडमधली भांडणं पाण्यावरून सुरू व्हायची आणि जातीवर जायची.

घराचा नियम जमिनीवर बेतलेला होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. भूमिहीनांत दलित कुटुंबं जास्त. सारख्या मापाची घरं एका ओळीत लावली की जुनं गावकूस सरकारी नकाशावर पुन्हा उभं राहणार, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

घरांचं वाटप ग्रामसभेत, सगळ्यांदेखत व्हायचं. पण ग्रामसभेत माणूस भावकीच्या तोंडाने बोलतो. म्हणून आम्ही आदल्या रात्री शेडोशेडी जाऊन बसायचो. चहा व्हायचा, शिव्याही खाव्या लागायच्या. उत्तर द्यायचं नाही, ऐकायचं, एवढंच ठरलेलं.

एका गावात भावकी अडून बसली होती, मधे दुसऱ्या कुणाचं घर नको म्हणून. रात्री कंदिलाजवळ लसूण सोलत बसलेली एक म्हातारी मधेच बोलली, ‘माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. मला दाईच्या शेजारचं घर द्या. भावकी काय, बारशाला येईल.’ दाई मातंग समाजाची. शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. म्हातारीचा थोरला मुलगा आमच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘आई म्हणते तसं लिहा.’ सकाळी ग्रामसभेत तेच नाव पहिलं पुकारलं गेलं. त्यानंतर आणखी काही जणांनी भावकीची ओळ सोडली. सगळ्यांनी नाही.

रान गेलेल्यांची समजूत घालणं जास्त कठीण गेलं. मोबदला सरकारचा होता, पण हक्काचं रान गेल्याचं दुःख पैशाने भरत नाही. तिथं त्यांच्याच घरची पोरं उपयोगी पडली. ती आमच्याबरोबर शेडमध्ये आली, लोक कसे राहतात ते त्यांनी पाहिलं आणि घरी जाऊन स्वतःच्या बापाशी भांडली. आमच्या भाषणांनी जे झालं नसतं, ते त्यांनी केलं.

चौरस फुटांचं माप मात्र आम्हाला हलवता आलं नाही. २५० फुटांत मुलगा, सून, नातवंडं आणि दारात शेळी, असं कुटुंब कसं मावणार, हे आम्ही अधिकाऱ्यांना विचारत राहिलो. पुढे लोकांनीच दारापुढे पत्रे टाकून जागा वाढवली.