काळ कोणता घ्यायचा?

गोव्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीला बहुतेक विषय इंग्रजीतून शिकू लागतं. डिचोली तालुक्यातल्या, दोडामार्गच्या सीमेलगतच्या लाटंबार्से गावातल्या मुलांचंही तेच. स्पेलिंग पाठ करता येतं. काळ मात्र अडवतो, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

डोंगरावर ढग उतरले की आपण ‘पाऊस आला!’ म्हणतो, अंगणात थेंबही पडलेला नसतो. हाक आली की ‘आलोच’. ‘भूक लागली’, ‘समजलं’ हेही तसंच: रूप भूतकाळाचं, गोष्ट आत्ताची. इंग्रजी इथे वर्तमानकाळ घेते: ‘आय अ‍ॅम कमिंग’, ‘आय अ‍ॅम हंग्री’.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना उलट घडतं. ‘आई म्हणाली, बाबा बागेत आहेत’ यात मराठी ‘आहेत’ला हात लावत नाही. इंग्रजीत ‘सेड’नंतर ‘इज’चं सहसा ‘वॉज’ होतं.

‘मी पाच वर्षं इथे राहतो’ याला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ चालत नाही, ‘हॅव लिव्ह्ड’ लागतं. पण वाक्यात ‘काल’ किंवा ‘2019 साली’ आलं, की साधा भूतकाळच. शिक्षकांनी काळांच्या तक्त्याआधी अशी घरातली वाक्यं फळ्यावर घ्यावीत.