ट्रॉली वर उभी राहते ती फक्त तेलावर! ट्रॅक्टरचं हायड्रोलिक कसं चालतं आणि ते कसं जपायचं?

मे महिना लागला की शेणखत, तळ्यातला गाळ, मुरूम वाहायची घाई सुरू होते. गावात ज्याच्याकडे डंपिंग ट्रॉली, त्याच्या दारात रांग. अशातच एखाद्या दिवशी वर उचललेल्या ट्रॉलीखाली तेल टपकताना दिसतं आणि ड्रायव्हर 'जरा बघतो' म्हणून खाली वाकतो. नेमकं हेच जिवावर बेतू शकतं. कारण ती ट्रॉली लोखंडावर टेकलेली नसते, सिलेंडरमधल्या काही लिटर तेलावर उभी असते. तेल निसटलं की ट्रॉली खाली.

म्हणूनच हायड्रोलिक चालतं कसं, बिघडतं कशानं आणि घरच्या घरी काय बघायचं, हे आज समजून घेऊ.

एवढं वजन उचलतं कसं?

तेल दाबून लहान होत नाही. बंद जागेत त्याच्यावर दाब दिला की तो दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. फ्रान्सचा शास्त्रज्ञ पास्कल यानं सतराव्या शतकात सांगितलेला हा नियम. ट्रॅक्टरचं इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, लिव्हर ओढला की व्हॉल्व्ह त्या तेलाला सिलेंडरची वाट मोकळी करून देतो आणि आतला दांडा वर सरकतो.

हिशेब करून बघा. मोटारसायकलच्या चाकात आपण ३० पॉइंट हवा भरतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण २ किलो दाब. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये हाच दाब १५० ते २०० किलोपर्यंत जातो. सिलेंडर आतून १० सेंटिमीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटिमीटर. ७८ गुणिले १५०, म्हणजे ११ टनांपेक्षा जास्त जोर!

दाब हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. कुकरची शिटी जे काम करते, तेच हा करतो. ट्रॉली उचलत नाही म्हणून काही जण हा व्हॉल्व्ह आवळून घेतात. हे शिटीवर दगड ठेवण्यासारखं आहे. पाइप तरी फुटेल, नाहीतर पंप तरी जाईल.

खरा शत्रू घाण आणि पाणी

पंप आणि व्हॉल्व्हच्या भागांमधली फट केसापेक्षाही बारीक असते. त्यात मातीचा कण गेला की चरे पडतात. मग तेल आतल्या आत निसटायला लागतं आणि उचल कमी होते.

ही माती बहुतेक वेळा कपलरमधून येते, म्हणजे ट्रॉलीचा पाइप ट्रॅक्टरला जिथे जोडतो तिथून. पाइप काढला की तो जमिनीवर लोळतो आणि जोडताना कोणी पुसत नाही. जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्यानं पुसा, काढल्यावर टोपी लावा. दोन मिनिटांचं काम, पण पंपाचा खर्च वाचतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शेजाऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्या सिलेंडरमधलं तेल तुमच्या ट्रॅक्टरमध्ये येतं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. म्हणजे दुसऱ्याच्या ट्रॉलीतली घाण थेट तुमच्या गिअरपर्यंत. ट्रॉली भाड्यानं आणताना तिच्यात कोणतं तेल आहे, एवढं तरी विचारा.

भाताच्या चिखलणीला जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी शिरण्याचा धोका जास्त. डिपस्टिक काढून बघा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. ते बदलायलाच हवं आणि पाणी कुठून शिरलं तेही शोधायला हवं.

तेल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल ट्रॉलीत ओतायची सवय सोडा, त्यात काजळी आणि लोखंडाची कीस असते. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्यानं सील फुगून खराब होतात.

लक्षण बघा, कारण ओळखा

* उचलताना धक्के बसतात, तेलाला फेस येतो: तेल कमी आहे किंवा पंपाकडे येणाऱ्या पाइपात हवा शिरतेय.
* पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो: पंपाला तेल पुरत नाही. आधी लेव्हल बघा, मग जाळी-फिल्टर.
* सकाळी उचलतं, दुपारी तापल्यावर उचलत नाही: तापून तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून किंवा सीलमधून निसटतं.
* रिकामं उचलतं, भरलेलं नाही: पंप झिजलाय किंवा रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतोय. मेकॅनिककडून प्रेशर मोजून घ्या.
* ट्रॅक्टर बंद केला की नांगर भराभर खाली बसतो: सील किंवा व्हॉल्व्ह आतून गळतोय. बाहेर थेंबही दिसणार नाही.

तेलाची लेव्हल बघताना ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद आणि ट्रॉली-अवजार खाली हवं. ट्रॉली वर असेल तर सात-आठ लिटर तेल सिलेंडरमध्येच असतं. ते न ओळखता वरून भरलं तर तेल जास्त होतं.

गळती बोटानं तपासू नका

रबरी पाइपाला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडी फोडून आत घुसते. वरून टोचल्यासारखा ठिपका, दुखतही फार नाही. मात्र आत तेल पसरतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर डाग उमटतो. पाइप खोलण्याआधी ट्रॉली खाली घ्या, इंजिन बंद करा आणि लिव्हर मागे-पुढे करून दाब सोडा.

टेकू नाही, तर खाली जायचं नाही

डंपिंग ट्रॉलीचा सिलेंडर बहुधा एकाच बाजूनं तेल घेतो. वर जाते तेलानं, खाली येते स्वतःच्या वजनानं. पाइप फुटला, सील गेलं किंवा खेळता खेळता पोरानं लिव्हरला हात लावला, तर खालच्या माणसाला सरकायलाही वेळ मिळत नाही.

खाली काम करायचंच असेल तर ट्रॉली आधी रिकामी करा. वर उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू किंवा जाड लाकडी ओंडके लावा आणि ट्रॉली त्यावर टेकवा. विटा किंवा दगड रचून टेकू करू नका. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

खत-मुरूम ओततानाही आधी वर बघा. विजेची तार असेल तर जागा बदला. जमीन एका बाजूला उतरती असेल तर उचललेली ट्रॉली आडवी होते आणि सोबत ट्रॅक्टरलाही ओढू शकते. ट्रॉली वर ठेवून ट्रॅक्टर पुढे पळवू नका.

नवीन टेकू गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही बनवून मिळतो. या हंगामात पहिली खेप भरण्याआधी तो करून घ्या आणि ट्रॉलीलाच साखळीनं अडकवून ठेवा. म्हणजे ऐनवेळी शोधावा लागणार नाही.