बहुवारिक द्रावणांचा ताण : मापनाची सूक्ष्म वाट

राजस्थानातील बारमेर जिल्ह्यात २००४ मध्ये मंगला तेलक्षेत्राचा शोध लागला व २००९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तेथील तेल मेणयुक्त व दाट आहे. अशा तेलामागे नुसते पाणी दाबल्यास ते तेलाला वळसा घालून पुढे निसटते. म्हणून पाण्यात पॉलिअ‍ॅक्रिलामाइड वर्गातील बहुवारिक मिसळून ते दाट करण्याची पद्धत तेथे अवलंबिण्यात आली. परंतु हे द्रावण किती दाट, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

श्यानता सामान्यतः द्रवाचे थर परस्परांवर घसरवून मोजतात. खडकातील छिद्राच्या अरुंद तोंडातून जाताना मात्र द्रव लांबीच्या दिशेने ताणलाही जातो. पाण्यासारख्या साध्या द्रवाची ताणातील श्यानता नेहमीच्या श्यानतेच्या तिप्पट असते; हे गुणोत्तर ट्राउटन यांच्या १९०६ मधील संशोधनामुळे ओळखले जाते. बहुवारिक द्रावणात ते शेकडो पटींवरही जाते. एरवी गुंडाळीसारखा असलेला दीर्घ रेणू ताणात उलगडतो व प्रवाहाला विरोध करतो. ताणाचा दर आणि रेणू पूर्ववत होण्याचा काळ यांचा गुणाकार सुमारे ०.५ हून अधिक झाला की हे घडते. हा बदल एकाएकी होतो, असे द जेन यांनी १९७४ मध्ये मांडले होते. स्टीव्हन चू व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डीएनएचे रेणू असे उलगडताना प्रत्यक्ष पाहिले. गंमत अशी की, एकाच प्रवाहातील सारखे रेणूही निरनिराळ्या रीतीने उलगडले.

मापनासाठी काटकोनात छेदणाऱ्या दोन सूक्ष्म वाहिन्या वापरतात. समोरासमोरून द्रव आत येतो व उरलेल्या दोन बाजूंनी बाहेर पडतो. मध्यबिंदूपाशी वेग शून्य असल्याने तेथे रेणूला उलगडण्यास पुरेसा अवधी मिळतो. वाहिनी सूक्ष्म असल्याने जडत्वाचा प्रभाव नगण्य राहतो व अल्प द्रावणातही ताणाचा दर मोठा ठेवता येतो. अडचण दाबाच्या मापनाची आहे. मोजलेल्या दाबात भिंतींलगतच्या घर्षणाचाही वाटा असतो. म्हणून प्रथम द्रव केवळ एका कोपऱ्यातून वळवून दाब मोजतात व तो एकूण दाबातून वजा करतात. ध्रुवित प्रकाशात बाहेर जाणाऱ्या मध्यरेषेवर तेजस्वी रेघ दिसते. रेणू कोठे ताणले गेले ते तीवरून कळते. दर फार वाढविल्यास मात्र प्रवाह एका बाजूला झुकतो आणि मापन विश्वासार्ह राहत नाही.

तेलक्षेत्राच्या दृष्टीने खरी चिंता याच्याही पुढची आहे. अतिताणाने रेणू तुटतो, बहुधा मध्याजवळ. एकदा तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, आणि ज्या दाटपणासाठी बहुवारिक विकत घेतले तोच विहिरीच्या तोंडाशी गमावला जातो.