नौबादची सुरंग

खटकचिंचोळीच्या काळ्या रानातून बीदरला गेलं, की पायाखाली तांबडा जांभा लागतो. माती बदलली की पाण्याची रीतही बदलते, हे मला फार उशिरा उमगलं. लहानपणी ऐकलेलं एवढंच, की बीदरजवळच्या नौबादला 'सुरंग बावी', म्हणजे सुरंगेची विहीर, आहे, ती थेट किल्ल्यात निघते आणि गनीम आला की सुलतान त्यातून पसार व्हायचा.

किल्ला, महमूद गावानचा मदरसा, अष्टूरचे घुमट यांवर पुष्कळ लिहून झालंय. माझ्या डोक्यातून गेली नाही ती ही सुरंग. कारण साधं होतं. नौबादच्या माळावर एका रांगेत विहिरीसारखी 21 तोंडं आहेत. चोरवाटेचा माग कुणी असा उघड्यावर मांडून ठेवतं का?

ती चोरवाट नव्हेच, तो कारेज. इराणच्या उंच, कोरड्या मुलखात डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, निव्वळ उतारावर गावात आणायची ही विद्या. तिथले 11 कारेज 2016 मध्ये जागतिक वारसा ठरले. बीदरच्या बहमनी सुलतानांच्या दरबारात इराणी माणसांची ये-जा होतीच. त्यांच्याबरोबर पंधराव्या शतकात ही विद्या बीदरला आली. मलिक अंबरची औरंगाबादची नहर आपण कौतुकानं सांगतो, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही. बीदरचं काम या दोन्हींच्या आधीचं.

विद्या परकी, पण जमीन इथली. जांभा स्पंजासारखा. पाऊस पितो, पण खालच्या काळ्या दगडाशी पाणी अडतं आणि आडवं वाहू लागतं. बोगदा खोदला तो हे पाणी धरण्यासाठी. वरच्या तोंडांतून खोदलेला दगड बाहेर निघाला आणि आत हवा गेली. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. म्हणून तर पाच-सहा शतकांनंतरही बोगदा उभा आहे.

या सुरंगेचा नकाशा मांडला तो केरळातल्या एका भूगोलाच्या प्राध्यापकानं, व्ही. गोविंदनकुट्टी यांनी. याचं मला कौतुक वाटतं आणि थोडी लाजही. आम्ही सुलतानाला पळवत राहिलो; त्यांनी उतार मोजला. पुढे 2015 च्या सुमारास गाळ उपसायला सुरुवात झाली.

गंमत अशी, की बीदरच्याच झरणी नरसिंहाच्या देवळात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या छातीभर पाण्यातून, जांभ्याच्या भुयारातून देवापर्यंत चालत जातो. पोरांना ती जत्रेची मौज, म्हाताऱ्यांना नवस. जांभ्याच्या पोटातलं पाणी आमच्या अंगाला रोज लागत होतं, तरी नौबादला आम्ही सुलतानच शोधला.

बीदरला येणारा पाहुणा गाडीतून किल्ल्यावर जातो, फोटो काढतो, परततो. त्यानं एकदा नौबादची तोंडं मोजत उतारानं चालावं. पण लवकर चालावं. काही तोंडांवर बांधकामं चढलीत, काही मातीनं बुजलीत. 21 पर्यंत मोजणी पुरी होत नाही, तिथं थांबून विचारावं, की मधली तोंडं कुणाच्या अंगणाखाली गेली?